जंतू मारतं म्हणजे राखण करतं असं नाही

(सुट्टीच्या दिवशी कामगार बहिणी-भावांसाठी घेतलेल्या आरोग्य बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. ज्यांना येता आलं नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं.)



आजचा विषय अवघड आहे. समजायला नाही, बोलायला अवघड. बायकांच्या आतल्या अंगाला लावायची औषधं, आणि ती सुरक्षित आहेत की नाहीत हे कसं ठरवतात, यावर बोलायचं आहे. मागच्या रांगेतले दादा लोक आत्ताच मोबाइलमध्ये बघायला लागलेत. बघा, पण कान इकडे असू द्या. हा विषय तुमच्या बायकोचा आहे, बहिणीचा आहे आणि तुमचाही आहे.

मी नर्स आहे. आखातात नोकरीला येऊन बावीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. पण वॉर्डात जे दिसतं ते बघून मी वाचत गेले, विचारत गेले. तेच सांगते.

काही महिन्यांपूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या. घरकाम करतात, कोल्हापूरकडच्या. नवरा इथेच दुसऱ्या शहरात ड्रायव्हर. दोन-तीन महिन्यांनी भेट होते. नवऱ्याबद्दल मनात शंका आहे, पण निरोध वापरा म्हटलं की तो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" आणि चार महिन्यांवर व्हिसाचं मेडिकल आलेलं. तुम्हाला माहीतच आहे, आखाती देशांत राहण्याच्या परवान्यासाठी एचआयव्हीची तपासणी होते. पॉझिटिव्ह आलं की परवाना जातो आणि माणूस परत पाठवला जातो. आजार कुणी दिला हे कुणी विचारत नाही.

ताईंनी पिशवीतून एक ट्यूब काढली. मैत्रिणीने दिलेली. "हे आतून लावलं की एड्सचे जंतू मरतात," असं सांगून दिलेली. ताई ती महिनाभर रोज दोनदा लावत होत्या. मी विचारलं, काही त्रास? म्हणाल्या, "आग होते, खाज येते. पण औषध लागू पडतंय म्हणूनच खाज येत असेल ना?"

ट्यूबवर बारीक अक्षरांत नाव होतं: नॉनॉक्सिनॉल-९.

आज जे काही सांगायचं आहे ते ताईंच्या त्या एका वाक्याबद्दलच आहे. खाज आली म्हणजे औषध लागू पडतंय का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जगातल्या हजारो बायकांनी स्वतःचं अंग दिलंय. ते उत्तर आपल्यापर्यंत पोचायला हवं.

आधी हे औषध निघालं कशासाठी ते बघू. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये झेना स्टाइन नावाच्या संशोधक बाईंनी एक लेख लिहिला. म्हणणं साधं होतं. तुम्ही बायकांना सांगता, नवऱ्याला निरोध वापरायला लाव. पण निरोध पुरुषाच्या हातात आहे. तो नाही म्हणाला तर बाईने काय करायचं? बाईच्या स्वतःच्या हातात राहील, कुणाची परवानगी लागणार नाही, असं काहीतरी हवं. त्यातून योनिमार्गात लावायच्या जेल, गोळ्या, फिल्म यांच्यावर काम वाढलं. अशा औषधाला मायक्रोबिसाइड म्हणतात. बाईने संबंधाआधी लावायचं आणि विषाणूला आत शिरू द्यायचं नाही, ही कल्पना. कल्पना चांगलीच होती. कोल्हापूरच्या ताईंना नेमकं तेच तर हवं होतं.

नवीन औषध शोधायला वर्षं लागतात, म्हणून आधी हाताशी काय आहे ते बघितलं गेलं. नॉनॉक्सिनॉल-९ हाताशी होतं. गर्भ राहू नये म्हणून जेलमध्ये, फोममध्ये ते अनेक वर्षं दुकानात मिळत होतं. हे एक प्रकारचं साबणासारखं रसायन. साबण जसा तेलकट थर फोडतो, तसं हे शुक्रजंतूचं बाहेरचं पातळ आवरण फोडतं. एचआयव्हीलाही तसंच तेलकट आवरण असतं. काचेच्या नळीत विषाणू घेऊन त्यावर हे टाकलं की विषाणू खलास. सगळ्यांना वाटलं, चला, सापडलं.

पण बाईचं अंग म्हणजे काचेची नळी नव्हे.

१९९२ साली नैरोबीतल्या एका अभ्यासाचा निकाल छापून आला. तिथे वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांना या औषधाचा स्पंज दिला होता. संसर्ग कमी झाला नाहीच, उलट त्यांच्यात आतल्या जखमा जास्त दिसल्या. मग लोक म्हणाले, स्पंजमध्ये औषधाचं प्रमाण फार होतं, कमी प्रमाणाची जेल करून बघू. कॅमेरूनमध्ये फिल्म वापरून बघितली, तिचाही उपयोग झाला नाही. शेवटी मोठी चाचणी झाली ती दक्षिण आफ्रिका, बेनिन, आयव्हरी कोस्ट आणि थायलंड या चार देशांत. यात ८९२ बायका होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या बायका कुठल्या, तर डरबनहून जोहान्सबर्गला जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यांवरच्या. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे घरापासून लांब राहणारे ड्रायव्हर. तुमच्या-माझ्यासारखी, घर सोडून पोटासाठी निघालेली माणसं. म्हणून म्हणते, ही गोष्ट परकी समजू नका.

निम्म्या बायकांना औषधाची जेल दिली, निम्म्यांना बिनऔषधाची. कुणाला कुठली हे कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना निरोध दिले, समजावलं, नियमित तपासलं. २००० साली डरबनच्या एड्स परिषदेत निकाल सांगितला गेला. औषधाची जेल वापरणाऱ्या ३७६ बायकांपैकी ५९ जणींना एचआयव्ही झाला. बिनऔषधाची जेल वापरणाऱ्या ३८९ पैकी ४५ जणींना. म्हणजे ज्या जेलने वाचवायचं तिनेच धोका वाढवला. आणि ज्या बायका दिवसातून जास्त वेळा, सरासरी साडेतीनहून अधिक वेळा लावत होत्या त्यांच्यात धोका जवळजवळ दुप्पट. औषध जितकं जास्त, तितकं नुकसान जास्त.

आता यामागचं कारण. इथे जरा लक्ष द्या, कारण एकदा हे कळलं की दुकानातली कुठलीही ट्यूब हातात घेऊन तुम्हीच प्रश्न विचारू शकाल.

रंगकाम करणारे भाऊ इथे आहेत. संध्याकाळी थिनरने हात धुता. रंग जातो, पण रंगाबरोबर कातडीचं तेलही जातं. चार दिवस असं केलं की हात फुटतात. मग त्या भेगांत सिमेंट गेलं की रात्रभर झोप नाही. थिनरने रंग काढला, हे खरं. थिनरने हाताचं राखण केलं का? नाही.

योनिमार्गाच्या आत काय असतं? पेशींचे थरावर थर असलेलं अस्तर असतं, भिंतीला अनेक हात गिलावा केल्यासारखं. त्याच्यावर पातळ चिकट स्राव. त्यात राहणारे चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस नावाचे. दही ज्या जातीच्या जंतूंमुळे लागतं, त्याच जातीतले. ते आंबट आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना तिथे राहणं जड जातं. आत पुढे गर्भाशयाच्या तोंडाशी मात्र अस्तर अगदी पातळ, पेशींचा एकच थर. हे सगळं मिळून बाईचं कुंपण. नॉनॉक्सिनॉलसारखं साबणी रसायन शत्रूचं आवरण आणि आपल्या पेशीचं आवरण यात फरक करत नाही. ते विषाणू मारतं, चांगले जंतूही मारतं आणि अस्तराच्या पेशीही दुखावतं.

पण कुंपणाला भोकं पडली, एवढंच नुकसान नाही. खरी गोम पुढे आहे.

कॅम्पमध्ये सायरन वाजला की काय होतं? सगळे वॉचमन गेटकडे धावतात. शरीरातही तसंच आहे. अस्तराची पेशी दुखावली की ती निरोप पाठवते. या निरोपाच्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. "इथे हल्ला झालाय, या!" मग रक्तातून प्रतिकारशक्तीच्या पेशी त्या जागी गोळा होतात. आपण त्यालाच सूज, दाह म्हणतो. आग होणं, खाज येणं हे त्याचंच लक्षण. साध्या जंतूसाठी ही व्यवस्था उत्तम आहे.

पण एचआयव्ही हा वेगळा चोर आहे. त्याला तिजोरी नको, त्याला वॉचमनच हवा. सीडी-४ म्हणून ज्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत, त्यांच्यातच तो शिरतो आणि तिथेच वाढतो. शांत, निरोगी जागी त्याला असे वॉचमन कमी सापडतात. सुजलेल्या जागी ते गर्दी करून उभे असतात. म्हणजे जे औषध सूज आणतं, ते चोराला हवी असलेली माणसं गेटवर आणून उभी करतं आणि वर कुंपणही फोडून ठेवतं.

नॉनॉक्सिनॉलचं असंच होतं हे पुढे अभ्यासात दिसलं. ते लावल्यावर सुजेचे निरोप वाढले आणि अस्तरातून झिरपणारं एक राखणदार प्रथिन कमी झालं. म्हणून ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं: खाज म्हणजे औषध लागू पडतंय असं नाही. खाज म्हणजे सायरन वाजतोय.

तुम्ही म्हणाल, मग आधी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. पण प्रश्न चुकीचा विचारला होता. जुन्या पद्धतीत सशाच्या योनीत दहा दिवस औषध लावायचे आणि मग अस्तर बघायचे. सशाची तिथली रचना आपल्यासारखी नाही. मग थोड्या बायकांवर, थोडे दिवस, दिवसातून एकदा-दोनदा लावून दुर्बिणीने आत बघायचे. त्या दुर्बिणीला कॉल्पोस्कोप म्हणतात. लाल झालंय का, साल निघालंय का? दिसलं नाही की सुरक्षित. यात दोन खोट्या आहेत. एक तर सूज डोळ्यांना दिसण्याआधी सुरू झालेली असते. अस्तर वरून ठीक दिसतं आणि आत वॉचमन गोळा झालेले असतात. दुसरी खोट म्हणजे ज्या बाईला दिवसातून चार-पाच वेळा लावावं लागणार आहे, तिच्यासाठीची परीक्षा एकदा लावणाऱ्या बाईवर घेतली. लिफ्टची चाचणी दोन माणसं चढवून घ्यायची आणि मग वीस माणसं चढवायची, त्यातला प्रकार.

त्यानंतर परीक्षा बदलली. आता नुसतं अस्तर बघत नाहीत. स्राव घेऊन त्यातले सुजेचे निरोप मोजतात. बारीक तुकडा काढून कुठल्या पेशी किती गोळा झाल्यात ते बघतात. चांगले जंतू टिकलेत का, आंबटपणा टिकलाय का, हे बघतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या खऱ्या अस्तरावर प्रयोगशाळेत औषध लावून, मग विषाणू सोडून बघतात. दिवसातून अनेक वेळा लावल्यावर काय होतं हे बघतात. पुरुषाच्या अंगाला त्रास होतो का हेही बघतात. थोडक्यात प्रश्न बदलला. आधी विचारत होते, "औषध विषाणूचं काय करतं?" आता त्याबरोबर विचारतात, "औषध राखणदारांचं काय करतं?" प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने सुरक्षितता तपासणं म्हणतात ते हेच.

पण नवी परीक्षाही सगळं सांगत नाही. सेल्युलोज सल्फेट नावाची दुसरी एक जेल होती. ती साबणी नव्हती. आधीच्या सुरक्षितता चाचण्यांत ती चांगली उतरली होती. मोठी चाचणी आफ्रिकेत आणि भारतात सुरू झाली. भारतात कुठे, तर चेन्नईला आणि आपल्या शेजारी कर्नाटकात बागलकोटला. सोलापूर, सांगलीकडच्यांना बागलकोट काही लांब नाही. २००७ च्या जानेवारीत देखरेख समितीने आकडे बघितले आणि चाचणी मध्येच थांबवली. जवळजवळ १,४०० बायकांमध्ये, औषधाच्या बाजूला २५ जणींना संसर्ग झाला होता, बिनऔषधाच्या बाजूला १६ जणींना. आकडे लहान आहेत, त्यावरून औषधाने नक्की नुकसान केलं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण राखण केलं नाही हे नक्की. आणि थांबवणं बरोबर होतं. अशी समिती असते म्हणून चुकीचं औषध आणखी हजारो बायकांपर्यंत जात नाही.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्यात भोसरीला एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अशा जेलच्या सुरुवातीच्या सुरक्षितता चाचण्यांपैकी काही तिथे झाल्या. कडुनिंबापासून बनवलेल्या प्रनीम नावाच्या गोळीचीही झाली. टेनोफोविर जेल म्हणून जी पुढे गाजली, तिची सहा महिने वापरून बघण्याची चाचणी पुणे आणि अमेरिकेतली न्यूयॉर्क, बर्मिंगहॅम ही शहरं मिळून २०० बायकांवर झाली. म्हणजे आपल्यासारख्याच, मराठी बोलणाऱ्या, घरचं आवरून दवाखान्यात येणाऱ्या बायकांनी हे केलंय. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. छापायलाही नकोत. पण त्यांच्यामुळे आज मी तुमच्यासमोर हे बोलू शकते.

टेनोफोविर जेलचं पुढे काय झालं? हे औषध साबणासारखं आवरण फोडत नाही. ते पेशीत जाऊन विषाणूची वाढ अडवतं. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या ८८९ बायकांच्या चाचणीचा निकाल आला. संसर्ग ३९ टक्क्यांनी कमी. पहिल्यांदाच एखादी जेल चालली होती. पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. एका चाचणीत रक्त तपासलं तर बहुतेक नमुन्यांत औषधच सापडलं नाही. बायकांना रोज लावणं जमलं नव्हतं. का जमलं नसेल, हे आठ जणींच्या खोलीत राहणाऱ्या बाईला विचारा. ट्यूब ठेवायची कुठे, लावायची कधी, कुणी बघितलं तर काय सांगायचं?

त्या २०१० च्या चाचणीतल्या बायकांचे जपून ठेवलेले नमुने नंतर पुन्हा तपासले. २०१८ साली जे छापून आलं ते फार महत्त्वाचं आहे. ज्यांच्या अंगात आधीपासून सूज नव्हती, त्यांना जेलने ५७ टक्के संरक्षण दिलं. ज्यांच्या अंगात सूज होती, त्यांना फक्त ३ टक्के. तेच औषध, तोच डोस. सूज असली तर चांगलं औषधही फुकट जातं. नॉनॉक्सिनॉलने जी गोष्ट उलट्या बाजूने शिकवली, तीच या जेलने सुलट्या बाजूने शिकवली. राखणदार शांत असतील तर औषध काम करतं.

आज हाताशी आहे ती डॅपिव्हिरीनची रिंग. मऊ सिलिकॉनची गोल कडी, बाईने स्वतः आत बसवायची, महिनाभर आतच राहते. रोज आठवण नको, ट्यूब लपवायला नको. मोठ्या चाचण्यांत संसर्ग साधारण तीस टक्क्यांनी कमी झाला आणि सुरक्षितताही ठीक ठरली. २०२१ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने, जास्त धोका असलेल्या बायकांना इतर उपायांबरोबर ही रिंग देता येईल, अशी शिफारस केली. आफ्रिकेतल्या काही देशांत ती मंजूर आहे. तीस टक्के म्हणजे शंभर नव्हे, हे लक्षात ठेवा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. सोप्या गोष्टी आहेत.

एक. जेलवर, फिल्मवर, निरोधाच्या पाकिटावर नॉनॉक्सिनॉल-९ लिहिलंय का बघा. एचआयव्हीपासून बचावासाठी ते वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच हे सांगितलंय आणि अमेरिकेत २००७ च्या नियमाने अशा वस्तूंवर इशारा छापणं बंधनकारक आहे. साधे निरोध आणि या रसायनाचे निरोध यांत निवड असेल तर साधे घ्या. पण दुसरा निरोधच नसेल तर काहीच न वापरण्यापेक्षा तो बरा. आणि पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतात, कॅम्पमध्येही असतात, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच सांगते की गुदमार्गाचं अस्तर आणखी नाजूक आहे. तिथे हे रसायन पंधरा मिनिटांत पेशींचे पापुद्रे काढतं. तिथे ते अजिबात नको.

दोन. आत धुवायचं नाही. डेटॉल नको, साबण नको, फिटकरी नको, लिंबू नको, सुगंधी वॉशही नको. बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आतलं अंग स्वतःला स्वच्छ ठेवतं. तुम्ही जंतू मारायला जाता आणि राखणदार मारता.

तीन. कोरडेपणासाठी जेल वापरत असाल तर पाण्याचा अंश नीट असलेली घ्या. कैरीला मीठ लावलं की कसं पाणी सुटतं? फार घट्ट जेल तसंच अस्तरातलं पाणी ओढून घेते आणि अस्तर सोलवटतं. याला एक माप आहे, ऑस्मोलॅलिटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या सूचनेप्रमाणे ते ३८० च्या आत असणं चांगलं, आणि १,२०० च्या वर तर नकोच. पाकिटावर नसेल तर औषधाच्या दुकानात विचारा. तेल, व्हॅसलीन, क्रीम रबरी निरोधाबरोबर वापरू नका, निरोध फाटतो.

चार. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, खाज आहे, लघवीला आग होते, तर लाजू नका आणि "उष्णतेने होतंय" म्हणून सोडून देऊ नका. ती सूज आहे. सूज म्हणजे उघडं गेट. बहुतेक वेळा साध्या औषधाने बरं होतं. नवरा-बायको दोघांनी उपचार घ्यावे लागतील का, हे डॉक्टरांना विचारा, नाहीतर आजार दोघांत फिरत राहतो.

पाच. निरोध आजही भरवशाचा. त्याशिवाय संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या आहेत, त्याला प्रेप म्हणतात. ब्रिटनमधल्या आपल्या लोकांनी लक्षात ठेवा, तिथे लैंगिक आरोग्याच्या सरकारी क्लिनिकात यासाठी पैसे पडत नाहीत. आणि धोका झालाच, निरोध फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली, तर ७२ तासांच्या आत घ्यायच्या गोळ्या असतात. जितक्या लवकर तितकं बरं. सुट्टीच्या दिवसाची वाट बघू नका.

दादा लोकांना एक सांगते. घरी सुट्टीवर जाताना बॅगेत बायकोसाठी अत्तर नेता, चॉकलेट नेता. जाण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या आणि निरोधही न्या. गावी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आणि १०९७ या नंबरवर फोन करून माहिती मिळते, नाव सांगावं लागत नाही. भारतात २०१७ चा कायदा आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. इथे परदेशात तो कायदा चालत नाही, हे कटू आहे. पण गावी गेल्यावर तो तुमचा आहे.

शेवटचा मुद्दा हक्काचा. उद्या तुम्हाला कुणी म्हणालं, नवीन औषधाची चाचणी आहे, सही करा, तर घाबरून पळू नका आणि डोळे मिटून सहीही करू नका. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत कागद मागा. मग विचारा: हे औषध आधी किती जणींना दिलं, किती दिवस, दिवसातून किती वेळा? नुसतं वरून बघितलं की आतली सूजही मोजली? त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार? मध्येच सोडायचं असेल तर सोडता येईल का? माझा रिपोर्ट मालकाला किंवा एजंटला जाणार का? चाचणी संपल्यावर निकाल मला कोण सांगणार? भारतातल्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळायला हवी. मालक "सही कर" म्हणाला म्हणून केलेली सही ही संमती नव्हे. आणि जी माणसं हे प्रश्न विचारल्यावर चिडतात, त्यांच्याकडे सही करूच नका.

ट्रक थांब्यावरच्या त्या बायकांना कुणी विचारलं असतं, आग होतेय का, खाज येतेय का, आणि त्यांचं उत्तर डॉक्टरांनी मोजमापासारखंच मोलाचं मानलं असतं, तर कदाचित काही गोष्टी लवकर कळल्या असत्या. तुमचं अंग तुमच्याशी बोलतं. ते जे सांगतं ते खरं धरा, आणि दवाखान्यात स्पष्ट शब्दांत सांगा.

तुम्ही विचाराल, त्या कोल्हापूरच्या ताईंचं पुढे काय झालं? ट्यूब त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. सुजेवर औषध घेतलं, आठ दिवसांत आग थांबली. नवऱ्याला घेऊन एकदा आल्या, आम्ही तिघं बसून बोललो. मेडिकलचा रिपोर्ट काय आला ते मी सांगणार नाही. तो रिपोर्ट त्यांचा आहे.

कुणाला एकटीने काही विचारायचं असेल, तर चहा झाल्यावर मी मागच्या खोलीत बसते. दार लावून बोलू.